गाडीच्या साउंडसाठी मीटर घेताय? आधी डीसी बघा

लॅमिंग्टन रोडवरच्या एखाद्या काउंटरवर "क्लॅम्प मीटर दाखवा" म्हणालात, तर समोर येणारा मीटर (वायर न तोडता, तिला जबड्यात धरून करंट मोजणारा) बहुतेक वेळा फक्त एसी, म्हणजे घरच्या लाइनचा उलटसुलट वाहणारा करंट मोजणारा असतो; बॅटरीचा एकाच दिशेचा करंट म्हणजे डीसी. दुकानदार फसवत नसतो. त्याचं रोजचं गिऱ्हाईक म्हणजे वायरमन, लिफ्टवाले, एअर कंडिशनर दुरुस्त करणारे. त्यांना २३० व्होल्टच्या लाइनवरचा लोड बघायचा असतो आणि त्या कामाला तो मीटर उत्तम आहे. तुम्ही मात्र तो घरी आणून अँप्लिफायरच्या जाड लाल वायरीवर लावणार, मागे बेस दणदणत असणार आणि स्क्रीनवर शून्य, नाहीतर काहीतरी भलताच आकडा. इंजिन चालू असेल तर अल्टरनेटरच्या रिपलमुळे (डीसीवरच्या बारीक चढउतारामुळे) शेवटचे आकडे थोडे हलतील, म्हणजे आणखीच घोळ.

मी कुर्ल्याला, सीएसटी रोडच्या आतल्या एका गल्लीत गाड्यांच्या साउंडचं काम करतो. असा मीटर हातात घेऊन "दादा, हा खराब आहे का बघा ना" म्हणणारी पोरं नेहमी येतात. मीटर खराब नसतो, पैसे मात्र गेलेले असतात. स्वतःच्या गाडीचं काम स्वतः करू बघणाऱ्या या पोरांचं मला फार कौतुक आहे, म्हणून हे सविस्तर लिहितोय.

साध्या क्लॅम्पचा जबडा म्हणजे एक ट्रान्सफॉर्मर असतो. वायरीतला करंट सतत उलटसुलट होत असेल तरच त्यात व्होल्टेज तयार होतं. बॅटरीचा करंट एकाच दिशेने जातो, त्यामुळे त्या जबड्याला तो जाणवतच नाही. डीसी मोजणाऱ्या क्लॅम्पच्या जबड्यात हॉल सेन्सर असतो आणि तो वायरीभोवतीचं चुंबकीय क्षेत्र थेट ओळखतो. हा सेन्सर महाग पडतो, म्हणून डीसी क्लॅम्पची किंमत जास्त असते.

दुकानात ओळखायचं कसं? आधी मीटरच्या गोल चकतीवर बघा. नुसतं "डीसी" लिहिलंय यावर जाऊ नका, कारण डीसी व्होल्ट तर बहुतेक क्लॅम्प मोजतात. करंटच्या खुणेशेजारी, म्हणजे इंग्रजी ए या अक्षरापाशी, एक सरळ रेघ आणि तिच्याखाली तीन तुटक रेघा हव्यात. तिथे फक्त नागमोडी रेघ असेल तर तो एसीचा. दुसरी खूण म्हणजे झीरो करण्याचं बटण, डीसी क्लॅम्पला ते लागतंच. तिसरी परीक्षा मला सगळ्यात आवडते: मीटर डीसी करंटवर ठेवा, जबड्यात काही न घालता तो हवेत हळूहळू फिरवा. खरा डीसी क्लॅम्प असेल तर पृथ्वीच्या चुंबकीय क्षेत्रामुळे शेवटचे आकडे बदलतात. शंका उरलीच तर मोबाइलचा स्पीकर जबड्याजवळ न्या, आकडा उडी मारेल. याला ना बॅटरी लागते ना वायर, आणि दुकानदारही हरकत घेत नाही.

मॉडेलच्या नावात एका आकड्याने फरक पडतो, तो नीट वाचा. फ्लूकचा ३२३ आणि ३२४ फक्त एसी करंट मोजतात, ३२५ डीसीही मोजतो. युनि-टीमध्ये २०१ आणि २०२ एसीचे, २०३ दोन्हींचा. तिन्ही दिसायला सख्खे भाऊ. मेको आणि कुसम-मेको यांच्याकडेही दोन्ही प्रकार मिळतात, तिथेही खोक्यावरचा आकडा बघूनच पैसे द्या.

आता कोणी म्हणेल, मल्टिमीटरमध्ये १० अँपिअरचा जॅक आहे की, मग क्लॅम्प कशाला? हिशोब करून बघा. अँप्लिफायर १००० वॅट आरएमएसचा (म्हणजे एवढी ताकद सतत देऊ शकणारा), क्लास डी, म्हणजे आत आलेल्या शक्तीपैकी साधारण ८० टक्के स्पीकरला देणारा. तर बॅटरीकडून त्याला १२५० वॅट हवेत. इंजिन चालू असताना व्होल्टेज १३.८ धरलं तर करंट होतो सुमारे ९० अँपिअर. गाणं वाजताना सरासरी याच्या बरीच खाली राहते, पण बेसच्या ठोक्याला करंट वर जातोच. मल्टिमीटरमधून हा करंट न्यायचा म्हणजे वायर तोडून मीटर मध्ये जोडायचा, आणि पहिल्याच ठोक्याला फ्यूज उडणार. तोही असेल तर. दोन-तीनशे रुपयांच्या पिवळ्या मीटरच्या १० अँपिअरच्या जॅकशेजारी बारीक अक्षरात लिहिलेलं असतं की याला फ्यूज नाही. तो जॅक चुकून थेट बॅटरीला लागला तर आतली पट्टी आणि प्रोबच्या, म्हणजे मीटरच्या टेकवायच्या काड्यांच्या, वायरी लालबुंद होतात. गाडीची बॅटरी शॉर्टमध्ये शेकडो अँपिअर ओतते, १२ व्होल्ट ऐकून निर्धास्त राहू नका.

तरीही, पैसे एकाच वस्तूपुरते असतील तर आधी मल्टिमीटरच घ्या. कारण साउंडच्या बहुतेक तक्रारींचं मूळ करंट मोजून सापडत नाही, व्होल्टेज ड्रॉप, म्हणजे वाटेत किती व्होल्ट गळतात ते, मोजून सापडतं. हे एका गाडीवरून सांगतो.

डोंबिवलीचा एक मुलगा स्विफ्ट घेऊन आला. आवाज मोठा केला की अँप्लिफायर प्रोटेक्टमध्ये जायचा, म्हणजे स्वतःला वाचवायला बंद पडायचा. त्याला कोणीतरी दुसरी बॅटरी टाकायला सांगितलं होतं, कोणी मोठा कपॅसिटर. "दादा, अल्टरनेटर बदलावा लागेल का हो?" पोरगा पार रडकुंडीला आलेला. मी म्हटलं, "थांब रे, आधी मोजू तरी." इंजिन चालू ठेवलं, ५० हर्ट्झचा टोन लावला. तोही काही सेकंदच, कारण सतत टोन वाजवला तर सबवूफरची कॉइल तापते. बॅटरीच्या टर्मिनलवर १३.९ व्होल्ट. अँप्लिफायरच्या टर्मिनलवर १२.४. म्हणजे दीड व्होल्ट रस्त्यात गायब. अल्टरनेटर तर आपलं काम चोख करत होता.

मग मीटरचा लाल प्रोब बॅटरीच्या प्लसवर आणि काळा अँप्लिफायरच्या प्लसवर. यासाठी लांब वायर लागते, मी जुन्या स्पीकर केबलची करून ठेवलीय. आकडा आला ०.३. एवढ्या लांबच्या वायरीला आणि दोन फ्यूज होल्डरना तो ठीक. नंतर एक प्रोब अँप्लिफायरच्या ग्राउंडवर (पत्र्याला जोडलेल्या मायनसवर), दुसरा बॅटरीच्या मायनसवर: १.२ व्होल्ट. चोर सापडला. डिकीतली गालिच्याची पट्टी उचलली, तर ग्राउंडच्या वायरीच्या टोकाचा लग रंगावरच आवळलेला, वॉशरखाली पांढरा ऑइलपेंट तसाच. बोल्टच्या आट्यांमधून जेवढा करंट जात होता तेवढाच. लगच्या कडेला हिरवट बुरशीसारखा थर चढायला लागलेला. आपल्याकडच्या खाऱ्या दमट हवेत तांब्याचं हे होतंच. पत्रा चकचकीत होईपर्यंत घासला, नवा लग दाबला, वरून ग्रीस लावलं. पुन्हा तोच टोन लावला, तर ग्राउंडचा ड्रॉप ०.१ च्याही खाली. अँप्लिफायर प्रोटेक्टमध्ये जाणं थांबलं. ना बॅटरी, ना कपॅसिटर.

याच गाडीत क्लॅम्प ७० अँपिअर दाखवत होता. १.२ व्होल्टला ७० ने भागा, ग्राउंडचा रोध निघतो ०.०१७ ओहम. आता सांगा, कुठला साधा मल्टिमीटर ओहमच्या रेंजवर हे पकडेल? त्याचा सगळ्यात लहान आकडाच ०.१ ओहम, आणि प्रोबच्या वायरींचा रोध त्याहून मोठा. म्हणून ग्राउंडवर मीटरचा बझर (दोन टोकं जोडलेली आहेत असं सांगणारा) वाजला म्हणजे ग्राउंड चांगला, असं कधीही समजू नका. बझर तर गंजलेल्या बोल्टवरही वाजतो. ग्राउंड तपासायचा तो लोड देऊन, व्होल्टमध्ये. माझा नियम असा की ग्राउंडच्या बाजूला ०.१ ते ०.२ च्या वर जाऊ द्यायचं नाही आणि दोन्ही बाजू मिळून अर्ध्या व्होल्टच्या आत बसवायचं. आणि ग्राउंडसाठी सीटबेल्टचा बोल्ट कोणी वापरू नका, त्याच्यावर माणसाचा जीव टांगलेला असतो.

मग मल्टिमीटरमध्ये काय बघायचं ते आपोआप ठरतं. डीसी व्होल्टमध्ये लहान रेंजला मिलिव्होल्टपर्यंत दिसायला हवं. मिन-मॅक्सची सोय असेल तर थोडे पैसे जास्त द्या, कारण बेसच्या ठोक्याला व्होल्टेज क्षणभर खाली जाऊन परत येतं आणि डोळ्याला तो आकडा वाचता येत नाही. मीटर किमान आकडा धरून ठेवतो, आपण गाणं संपल्यावर वाचायचा. खूपच झटपट घसरण मिन-मॅक्सही चुकवतो, पण ११ च्या आसपासचा आकडा दिसला तरी दुखणं कळतं. रिलेटिव्हचं बटण सबवूफरच्या कॉइल मोजायला फार उपयोगी: प्रोबची टोकं एकमेकांना चिकटवा, बटण दाबा, प्रोबचा रोध वजा होतो. ४ ओहमच्या कॉइलवर ३.२ ते ३.७ असं काहीतरी येतं आणि ते बरोबरच आहे, कारण छापलेला आकडा इम्पिडन्सचा, म्हणजे एसीला होणाऱ्या रोधाचा असतो. ड्युअल ४ ओहमचा, म्हणजे दोन कॉइलचा सब पॅरलल जोडला की मीटरवर पावणेदोनच्या आसपास दिसायला हवं. सातच्या आसपास दिसलं तर सिरीज झालीय, अँप्लिफायर अर्ध्याहून कमी ताकद देणार.

बझर लगेच वाजतो का ते दुकानातच प्रोब टेकवून बघा. काही मीटर अर्धा सेकंद विचार करतात, डॅशबोर्डखाली डोकं घालून वीस वायरी शोधताना त्याचा वैताग येतो. बॅकलाइट हवाच. प्रोबची टोकं अणकुचीदार हवीत, आणि सोबत मगरी क्लिपची जोडी वेगळी घ्या. मोजताना दोन्ही हात मोकळे राहतात. आणि फ्यूज: मागचं झाकण उघडून दाखवायला सांगा, काचेच्या नळीऐवजी चिनी मातीचा जाड फ्यूज असेल तर मीटर करंटच्या कामाला भरवशाचा. फ्लूक १०१ हा छोटा मीटर मला मनापासून आवडतो, हातात बसतो आणि आकड्यावर विश्वास ठेवता येतो, पण त्यात करंट मोजायची सोयच नाही. ज्याच्याकडे क्लॅम्प वेगळा आहे त्याला हे चालतं, एकट्यावर भागवायचं असेल तर नाही.

गेन, म्हणजे अँप्लिफायर सिग्नल किती वाढवतो ते, सेट करण्यासाठी ट्रू आरएमएस (कुठल्याही आकाराच्या लहरीचं खरं व्होल्टेज दाखवणारा) मीटर लागतोच का, हे फार विचारतात. गेनची पद्धत अशी: स्पीकर काढून ठेवायचे, टोन लावायचा, आणि अँप्लिफायरच्या आउटपुटला एसी व्होल्ट बघत गेन वाढवायचा. किती व्होल्टपर्यंत? वॅट गुणिले ओहम, त्याचं वर्गमूळ. ४ ओहमला १०० वॅट हवे तर २० व्होल्ट. ४ ओहमला ७५ वॅट, तर १७.३. १ ओहमला १००० वॅट किंवा २ ओहमला ५००, दोन्हीला ३१.६. टोन शुद्ध साइन वेव्ह असेल तर साधा सरासरीवाला मीटरही हा आकडा बरोबरच दाखवतो. त्यामुळे ५० हर्ट्झवर सबचा गेन बसवायला ट्रू आरएमएस नसला तरी चालतं. अडचण येते ती दरवाजातल्या स्पीकरच्या चॅनेलला १००० हर्ट्झचा टोन लावल्यावर. स्वस्त मीटरची एसी रेंज साधारण ४०० हर्ट्झपर्यंतच खात्रीची असते, त्यापुढे आकडा घसरतो, आपण गेन वाढवत बसतो आणि ट्विटर जळतो. मीटर घेताना माहितीपत्रकात एसी व्होल्टसमोर फ्रिक्वेन्सी किती लिहिलीय ते वाचा, एक किलोहर्ट्झ असेल तर निश्चिंत. क्लिपिंग, म्हणजे लहरीचे शेंडे कापले जाणं, मात्र कुठलाच मीटर दाखवत नाही, ते लहर पडद्यावर दाखवणाऱ्या ऑसिलोस्कोपचं काम.

एक गोष्ट इथेच सांगून टाकतो. कंपनीच्या स्टिरिओच्या स्पीकर वायरीवर डीसी व्होल्ट लावून दुसरा प्रोब गाडीच्या पत्र्याला टेकवला की सहा-सात व्होल्ट दिसतात. घाबरू नका, आतला आयसी तसाच असतो, बॅटरीच्या निम्म्या व्होल्टवर बसलेला. पण याचा अर्थ त्या दोन वायरींपैकी एकही पत्र्याला लावायची नाही.

आता क्लॅम्प. इथे दोन गरजा एकमेकींच्या आड येतात. मोठ्या अँप्लिफायरला ४०० अँपिअरची रेंज हवी आणि बॅटरी रात्रीत का उतरते हे शोधायला मिलिअँपिअर दिसायला हवेत. ४०० अँपिअरचा क्लॅम्प मिलिअँपिअरच्या बाबतीत भरवशाचा नाही, त्याचा शून्यच हलत राहतो. युनि-टी २१० ई हा बारीक क्लॅम्प २ अँपिअरच्या रेंजवर एक मिलिअँपिअरपर्यंत दाखवतो आणि वर १०० अँपिअरपर्यंत जातो. जबडा १७ मिलिमीटरचा, एक वायर आरामात मावते. मुंबईतल्या बहुतेक गाड्यांत एक सब आणि एक चार चॅनेलचा अँप्लिफायर असतो, त्यांना हा पुरतो. हजार वॅट आरएमएसच्या पुढे जाणाऱ्यांनी युनि-टी २०३ सारखा ४०० अँपिअरचा घ्यावा.

बॅटरी उतरण्याचं दुखणं आपल्याकडे जास्त दिसतं, कारण लोकलने कामाला जाणाऱ्याची गाडी सोसायटीखाली आठवडाभर उभी असते. सगळं बंद करून, दरवाजाचं लॉक हाताने पाडून, अर्धा तास थांबायचं, म्हणजे गाडीचे कॉम्प्युटर झोपतात. मग बॅटरीच्या मायनस वायरीवर क्लॅम्प. ५० मिलिअँपिअरच्या आत असेल तर ठीक, ते दिवसाला १.२ अँपिअर-तास होतात. पण रिमोट वायर (अँप्लिफायरला चालू-बंद करणारी) कायम चालू सप्लायला जोडलेली असली, तर अँप्लिफायर काही न वाजवताही दीडेक अँपिअर ओढतो. दिवसाचे ३६ अँपिअर-तास झाले. छोट्या पेट्रोल गाडीत बॅटरीच साधारण ३५ ची. दुसऱ्या सकाळी धक्का मारायला वॉचमनला बोलवा. मोठाच क्लॅम्प हाताशी असेल तर एक युक्ती आहे: मायनसच्या मध्ये एक लवचीक वायर तात्पुरती जोडून तिचे दहा वेढे जबड्यातून घ्यायचे आणि आलेल्या आकड्याला दहाने भागायचं. तेवढ्यात गाडीला सेल्फ मात्र मारायचा नाही.

क्लॅम्प लावताना नेहमी एकच वायर जबड्यात घ्या. प्लस आणि मायनस दोन्ही घेतले की एकमेकांना काटतात आणि शून्य येतो. झीरोचं बटण मोजायच्या जागेजवळच, मीटर त्याच कोनात धरून दाबा. आणि सबवूफरपासून हातभर लांब राहा. त्याच्या चुंबकामुळे डिकीतला आकडा सरळ खोटा येतो, म्हणून मी अँप्लिफायरचा करंट शक्यतो बॉनेटखाली, बॅटरीपाशी मोजतो.

पैशांचं सांगायचं तर, नुकती सुरुवात असेल तर पिवळा स्वस्त मीटर डीसी व्होल्ट आणि बझरसाठी घ्या, त्याच्या १० अँपिअरच्या जॅकवर चिकटपट्टी लावा. पुढच्या पगाराला साधारण तीन-चार हजारांपासून मिळणारा डीसी क्लॅम्प. त्यातही व्होल्ट, ओहम, बझर असतंच, त्यामुळे घरच्या कामाला तो एकटा भागवतो. फ्लूक ३२५ त्याच्या कितीतरी पट महाग आहे, रोज दहा गाड्या करणाऱ्यालाच तो परवडतो आणि त्याला तो घ्यावासाच वाटेल.

सुरक्षेच्या कॅट रेटिंगचा १२ व्होल्टला फारसा संबंध येत नाही. पण गणपतीत हीच पोरं टेम्पोवरच्या साउंडला मदत करायला जातात आणि तोच मीटर जनरेटरच्या २३० व्होल्टला लावतात. तिथे मात्र कॅट ३, ६०० व्होल्टच्या खालचा मीटर हातात धरू नका, आणि फाटक्या इन्सुलेशनचे प्रोब तर अजिबात नाही. इलेक्ट्रिक आणि हायब्रिड गाडीत नारिंगी वायर दिसली की मीटर बाजूला ठेवा. त्यात शेकडो व्होल्ट असू शकतात, साउंडवाल्याचं तिथे काही काम नाही. अशा गाडीतही बहुतेक वेळा वेगळी १२ व्होल्टची बॅटरी असते, आपलं कनेक्शन तिथूनच.

खरेदीला रविवार सोडून जा, लॅमिंग्टन रोडवरची बहुतेक दुकानं तेव्हा बंद असतात. ग्रँट रोडला पूर्वेला उतरलात की पायी पोचता. बिल घ्या, त्यावर मॉडेलचा पूर्ण नंबर लिहून घ्या, आणि आतला सेल दुकानातच घालून व्होल्ट, बझर, जबडा तिन्ही चालवून बघा. घरी आणल्यावर मीटर गाडीच्या डिकीत टाकून ठेवू नका. पावसाळ्यात तिथली ओल रोटरी स्विचच्या पट्ट्यांवर बसते आणि रेंज बदलताना आकडे नाचायला लागतात. महिनाभर वापरणार नसाल तर सेल काढून ठेवा.